कावळ्यापुढं दिलेला शब्द

प्रति,
रक्षाविसर्जनाला जमणारी समस्त मंडळी
(भावकी, पै-पाहुणे, गल्लीतले शेजारी आणि तालीम-मंडळांचे कार्यकर्ते)
मुक्काम कोल्हापूर आणि जिल्ह्यातली सगळी गावं



कोल्हापुरात माणूस गेला की तासाभरात मोबाइलवर फोटो फिरतो. बहुतेक वेळा आधार कार्डासाठी काढलेला, कडक चेहऱ्याचा. खाली नाव, वय, मागे पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार. आणि शेवटची ओळ ठरलेली: रक्षाविसर्जन अमुक वारी सकाळी नऊ वाजता, पंचगंगा स्मशानभूमी. ती ओळ वाचून तुम्ही येता. कामाचा खाडा करून, एसटी पकडून, एका मोटरसायकलवर तिघं बसून येता. हे पत्र त्या येण्याला आधी हात जोडतं. तक्रारी त्यानंतर.

तिथं दर वेळी एक गोष्ट घडते. राख सावडून झालेली असते. पत्रावळीवर भात, भाजी आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी ठेवलेलं असतं. कपभर चहा, तंबाखूची पुडी, जिलबीचा तुकडा. नैवेद्य ठेवून सगळे चार पावलं मागं सरकतात. कावळे समोरच्या झाडावर बसलेले असतात, पण खाली उतरत नाहीत. पाच मिनिटं जातात, दहा जातात. उन्हं चढतात, कुजबुज सुरू होते. मग भावकीतला एखादा जाणता पुढं होतो, टोपी काढतो, हात जोडतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, “आण्णा, पोरीच्या लग्नाची काळजी करू नका. आम्ही हाय.” तरी कावळा हलत नाही. दुसरा पुढं येतो. “वैनींना आणि पोरांना अंतर देत नाही, जावा आता सुखानं.” कुठून तरी एक कावळा झेप घेतो, पानावर चोच मारतो, आणि घोळक्यातून सुटकेचा श्वास ऐकू येतो. दहा मिनिटांत गाड्या सुरू होतात.

कावळ्याला काय कळतं, हा वाद इथं नको. तो शब्द ऐकणारं दुसरं कुणीतरी तिथं उभं असतं. मुंडण केलेला थोरला मुलगा असतो. घरी भिंतीला टेकून बसलेल्या बाईला तो शब्द दुपारपर्यंत कुणीतरी सांगतं. “सगळ्यांसमोर बोलले भाऊजी.” त्या घराला त्या दिवशी जे काही बळ मिळतं, ते त्या एका वाक्यातून मिळतं. या पत्राचा सगळा विषय त्या वाक्याचं पुढं काय होतं, एवढाच आहे.

कोल्हापूरला दुःख वाटून घेता येत नाही, असं कुणी म्हणणार नाही. महापालिका पंचगंगा स्मशानभूमीत मोफत अंत्यसंस्कार करते आणि त्यासाठी लागणाऱ्या शेणी लोक स्वतःहून दान देतात. होळीला मंडळं होळी लहान करून उरलेल्या शेणी स्मशानभूमीत पोहोचवतात. ओळख ना पाळख अशा माणसाच्या चितेसाठी गल्लीतली पोरं टेम्पो भरून शेणी घेऊन जातात. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारून पिठलं-भाकरी येते. दुखवटा काढायला पाहुणे घरी नेऊन जेवू घालतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसाला सावरणाऱ्या या रीती शहाण्या आहेत आणि त्या मोडाव्यात असं कुणाचं म्हणणं नाही.

त्या नसल्या की काय होतं, ते २०२० आणि २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला देह, अंगभर किट घातलेले महापालिकेचे कर्मचारी, लांब उभं राहून हात जोडणारा मुलगा. रक्षाविसर्जनाला गर्दी नाही, समाचाराला कुणी नाही, दारात चपलांचा ढीग नाही. त्या काळात ज्यांची माणसं गेली, त्यांतले कितीतरी जण आजही म्हणतात की गेल्यासारखं वाटलंच नाही. तोंड बघितलं नाही, कुणी गळ्यात पडलं नाही. तुमचं येणं किती मोलाचं आहे, याचा याहून मोठा दाखला नको.

म्हणूनच तक्रार तुमच्याकडं आहे. जो येतो, त्याच्याचकडं मागता येतं.

पहिली तक्रार बांगड्यांची. तिरडी उचलायच्या आधी किंवा दहाव्याला, घराण्याच्या रीतीप्रमाणं, बायका त्या बाईला मधे बसवतात. कुणीतरी तिचे दोन्ही हात धरतं आणि मनगटावर मनगट आपटतं. हिरव्या काचा फुटतात, अंगणात उडतात, एखादी मनगटात रुतते. दुसरी बाई ओल्या फडक्यानं कपाळ पुसते, तिसरी पायातली जोडवी ओढते. ती निघत नसतील तर साबण लावते. ज्या बाईचा माणूस चार तासांपूर्वी गेला, तिला रडायलाही उसंत न देता तिची ओळख अंगावरून खरवडून काढली जाते. हे करणाऱ्या वैरिणी नसतात. जावा असतात, नणंदा असतात, कधी सख्खी आई असते. “रीत हाय बाई,” एवढंच त्या म्हणतात.

ही रीत कोल्हापूर जिल्ह्यातल्याच एका गावानं मोडली. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड, कुरुंदवाडच्या शेजारचं, महापुराचा तडाखा माहीत असलेल्या पट्ट्यातलं. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला: पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं गावात बंद. ठराव मांडला मुक्ताबाई पुजारी यांनी, अनुमोदन दिलं सुजाता गुरव यांनी; सरपंच होते सुरगोंडा पाटील. कोरोनात गावोगावी तरुण माणसं गेली होती आणि विशी-तिशीतल्या मुली पांढऱ्या कपाळानं वावरताना दिसत होत्या, ही त्याची पार्श्वभूमी. कल्पनेमागं करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे होते. एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीत त्याच्या पत्नीचे हाल पाहून त्यांनी, आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर हे विधी लादू नयेत, असं मुद्रांकावर लिहून दिलं होतं. हेरवाडपाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनं, म्हणजे १९२० च्या बहिष्कृत वर्गाच्या ऐतिहासिक परिषदेच्या गावानं, तसाच ठराव केला. १७ मे २०२२ रोजी राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. ग्रामविकास मंत्री तेव्हा कागलचे हसन मुश्रीफ होते.

ठरावाची वेळही साधी नव्हती. दोनच दिवसांनी, ६ मे २०२२ ला, राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पूर्ण होत होती.

शाहू महाराजांना दुःख पुस्तकातून माहीत नव्हतं. जन्म १८७४ चा, आई गेली १८७७ ला. दहाव्या वर्षी दत्तक जाऊन गादीवर बसले आणि दोन वर्षांत जन्मदाते वडील गेले. १९१८ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा, प्रिन्स शिवाजी, शिकारीच्या अपघातात वारला. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मागं उरली इंदुमती, वय अवघं अकरा-बारा. पोरगा गेलेल्या बापानं काय केलं? राजवाड्यातून नाराजी असतानाही या सुनेला सोनतळीच्या कॅम्पवर ठेवून शिकवलं. सोबतीला वेगवेगळ्या जातींच्या मुली दिल्या. तिनं डॉक्टर व्हावं, अशी त्यांची इच्छा होती. मुलाच्या नावानं गरीब विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभं राहिलं. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा तर करवीर संस्थानात मुलगा गेला त्याच्या आदल्याच वर्षी, १९१७ ला, झालेला होता. पुढं इंदुमती राणीसाहेबांनी मुलींच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात संस्था काढल्या.

त्याच्याही मागं जायचं तर कावळा नाक्यावर चला. घोड्यावर तलवार उगारलेल्या ताराराणी तिथं उभ्या आहेत. १७०० मध्ये राजाराम महाराज वारले तेव्हा त्यांचं वय पंचविशीचं. त्यानंतर सात वर्षं त्यांनी औरंगजेबाशी लढा दिला आणि पुढं करवीरची गादी उभी केली. ज्या शहराच्या वेशीवर एक विधवा राणी घोड्यावर बसून पाहुण्यांचं स्वागत करते, त्या शहरात हळदीकुंकवाला शेजारणीला वगळून पुढच्या दारात जायला पाय कसा उचलतो?

मंडळी, हेरवाडचा ठराव ग्रामपंचायतीच्या वहीत आहे. बांगड्या फुटतात त्या अंगणात ग्रामसेवक नसतो, तुम्ही असता. म्हणून पहिली विनंती घोळक्यातल्या वडीलधाऱ्या बाईला: तिचे हात धरायला कुणी पुढं आलं तर “राहू दे गं, तिचं तिला ठरवू दे,” एवढं तुम्ही म्हणा. तुमच्या तोंडून आलं की कुणी उलटून बोलणार नाही. आणि घरच्या कर्त्या पुरुषांनी जिवंतपणीच बायकोमुलांसमोर सांगून ठेवावं, जमलं तर लिहून ठेवावं.

दुसरी तक्रार बोलण्याची. समाचाराला आलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, “झालं कसं?” आणि ती बाई पहिल्यापासून सांगायला लागते. रात्री जेवले, छातीत कळ आली, रिक्षा मिळेना, दवाखान्यात नेईपर्यंत… दिवसात पंधरा वेळा. मग सल्ला येतो: “तिथं न नेता इकडं आणलं असतं तर वाचला असता.” तो सल्ला पुढं कित्येक वर्षं तिच्या कानात राहतो. “रडू नकोस,” “देवाच्या मनात होतं,” “पोरांकडं बघून सावर.” यातलं काहीही न बोलता शेजारी बसलेली बाई जास्त उपयोगाची असते. बोलायचंच असेल तर गेलेल्या माणसाबद्दल बोला. त्यानं ऊसतोडीच्या हंगामात कुणाला गाडी दिली होती, कुस्तीच्या मैदानात काय धमाल केली होती, असलं काहीतरी. नाव टाळू नका. नाव घेतलं म्हणून दुःख वाढत नाही. आपलं माणूस सगळे विसरले, असं वाटलं की मात्र वाढतं.

दुःखाचे पाच टप्पे असतात, हे वाक्य आता आपल्याकडंही व्याख्यानांतून ऐकू येतं: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ च्या पुस्तकात ते मांडले, पण ते मृत्यूच्या दारातल्या रुग्णांशी बोलून, मागं राहिलेल्यांकडं पाहून नव्हे. तेव्हा “अजून रागातच आहेस का?” असं घड्याळ कुणाला लावू नये. नेदरलँड्समधल्या मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये जे मांडलं, ते आपल्या बायाबापड्यांना वाचल्यावाचून ठाऊक आहे. माणूस कधी आठवणीत बुडतो, कधी उठून भांगलायला जातो, आणि या दोन्हींत येरझाऱ्या घालत राहतो. सकाळी शेतात हसलेली बाई संध्याकाळी हंबरडा फोडते. त्यात नाटक नसतं. तिच्या हसण्यावरून पाणवठ्यावर चर्चा करू नये, ही पोटविनंती.

तिसरी तक्रार पुरुषांच्या वतीनं आहे, कारण ते ती करणार नाहीत. बायको गेलेल्या साठीच्या माणसाला तुम्ही काय म्हणता? “गडी माणूस आहेस, खंबीर राहा.” तो खंबीर राहतो. मांडवातल्या खुर्च्या मोजतो, आचाऱ्याचा हिशेब करतो, आणि महिनाभरानं त्याला चहा कुठल्या डब्यात आहे ते सापडत नाही. ब्रिटनमध्ये पंचावन्न वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांचा अभ्यास झाला होता. तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे चाळीस टक्क्यांनी जास्त निघालं. “म्हातारी गेली, वर्षाच्या आत म्हातारा गेला,” हे गावाचं निरीक्षण आकड्यांतही उतरलेलं आहे. तालमीच्या कट्ट्यावरच्या दोस्तांनी त्याला संध्याकाळी उठवून न्यावं. रडला तर रडू द्यावं, विषय बदलू नये.

चौथी तक्रार जरा टोचेल. तेराव्याची भांडी घासून होतात न होतात तोच कुणीतरी कागद काढतं. “वैनी, इथं अंगठा द्या, वारस नोंदीचं आहे.” कधी ती खरोखर वारस नोंद असते, कधी हक्कसोडपत्र. बहिणींनाही दिवसकार्याला आल्यातच उरकून घ्या म्हणून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं जातं. कायदा साधा आहे. हिंदू वारसा कायद्यानं विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे आणि २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. वारसाची वर्दी तलाठ्याकडं द्यायला तीन महिन्यांची मुदत असते. एवढी घाई कशाची? दुःखात बुडालेल्या माणसाला समोरच्या कागदावरचं अक्षर दिसत नाही. वारस नोंद वेळेत करा, त्यात सगळ्यांची नावं घाला; हक्क सोडायच्या कागदाला मात्र निदान वर्षश्राद्धापर्यंत हात लावू नका.

पाचवी तक्रार लहान मुलांची. पाच वर्षांच्या पोराला सांगितलं जातं, “पप्पा गावाला गेल्यात.” तो रोज संध्याकाळी दारात बसतो. महिन्यानं शाळेत दुसरं पोर सांगतं की तुझे पप्पा मेले, आणि घरातली सगळी माणसं खोटं बोलतात हे त्याला एकदमच कळतं. खरं सांगा, सोप्या शब्दांत सांगा, शाळेतल्या बाईंच्या कानावर घाला.

आणि शेवटची तक्रार, ज्यासाठी हे पत्र लिहिलं गेलं. तेराव्यानंतर तुम्ही दिसत नाही.

बारा दिवस घर गजबजलेलं असतं. चौदाव्या दिवशी ताडपत्री उतरते, भाड्याच्या सतरंज्या परत जातात, आणि स्वयंपाकघरात एक ताट कमी मांडलं जातं. खरं दुःख त्या दिवशी सुरू होतं. पहिले दोन-तीन आठवडे तर माणूस बधिरच असतो. नंतर पहिला श्रावण येतो, पहिला गणपती येतो, पहिली दिवाळी येते. सण नाही म्हणून कुणी बोलवत नाही, आणि सण आहे म्हणून कुणी येतही नाही. कावळ्यापुढं शब्द दिलेले भाऊजी बाजारात दिसतात, “येतो एकदा,” म्हणतात.

तेव्हा मागणी अशी आहे. कावळ्यापुढं बोलताना “आम्ही हाय” इतकं मोघम बोलू नका. नेमकं बोला. “पोराच्या बारावीची फी माझ्याकडं.” “पहिल्या दिवाळीला फराळ घेऊन मी येतो.” “ऊस कारखान्याला घालायचं मी बघतो.” मग ते रक्षाविसर्जनाच्या वहीत, फुलं-नारळाच्या खर्चाखाली, तारखेनिशी लिहून ठेवा. भावकीत दहा घरं असतील तर वर्षातले बावन्न रविवार वाटून घ्यायला अवघड काय? एका घराच्या वाट्याला पाच-सहा येतात. अर्धा तास बसायचं, चहा प्यायचा, निघायचं.

कामं तर ढीगभर असतात. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत व्हावी लागते. पासबुकात वर्षाला ४३६ रुपये कापल्याची नोंद दिसली तर तो जीवनज्योती विमा असतो आणि वारसाला दोन लाख मिळतात. कितीतरी घरांत ती ओळ कुणी वाचतच नाही. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून दोन लाखांची मदत आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर वीस हजारांचं राष्ट्रीय कुटुंब लाभ अर्थसाहाय्य, आणि निराधार बाईला संजय गांधी योजनेचं मासिक अनुदान. तहसील कचेरीतले हेलपाटे तिच्यासोबत मारणारा एक पुतण्या हा शंभर सांत्वनांना भारी आहे.

काहींचं दुःख तरीही हलत नाही. सहा महिन्यांनंतरही माणूस जेवत नाही, झोपत नाही, कामावर जात नाही, “मलाही तिकडंच जायचंय,” म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या यादीत अशा लांबलेल्या शोकाला स्वतंत्र नाव दिलं आहे. तेव्हा देवर्षी गाठण्याआधी सीपीआर रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठा. १४४१६ ही सरकारची टेलिमानस सेवा मोफत आहे, मराठीत बोलते, दिवसरात्र चालू असते. नंबर त्याच्या नव्हे, तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा, कारण तो स्वतः फोन करणार नाही.

एवढं सगळं एकदम जमणार नाही, हे या पत्रालाही कळतं. हेरवाडनंही सगळं एका दिवसात केलं नव्हतं. सध्या एवढंच करा. गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत तुम्ही ज्या ज्या रक्षाविसर्जनाला जाऊन आलात, ते सगळे फोटो मोबाइलमध्ये अजून असतील. त्यातलं एक घर निवडा. येत्या रविवारी चार वाजता तिथं जा. घरातली बाई विचारेल, “आज कसं काय येणं केलं?” तेव्हा कावळ्यापुढं काय बोलला होता, ते तिला सांगा.



आपल्याच घोळक्यात मागं उभा असलेला
एक पाहुणा
कोल्हापूर